एर्मिनियाची फळी

पियानो व्हायचं होतं मला. झाले कणीक मळायची फळी. तेव्हा मित्रांनो, माझ्या बोलण्यात थोडा तोरा जाणवला तर तो लाकडाचा आहे असं समजा. मी आता जुनी झाले आहे. इतकी वर्षं माणसांच्या कोपरांखाली काढल्यावर माणसांविषयी माझं मत काही फारसं चांगलं राहिलेलं नाही. एक बाई सोडून. तिचीच गोष्ट मला सांगायची आहे, कारण जे तिच्याविषयी सांगत सुटले आहेत त्यांना ती ठाऊकच नाही.

अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात पियानोचा एक कारखाना होता. तिथे इटलीहून आलेला साबातिनो नावाचा सुतार कामाला होता. मी मेपलची रुंद, सरळ फळी. पण माझ्या एका कोपऱ्यात गाठ निघाली. तपासायला आलेल्या साहेबाने खडूने माझ्यावर फुली मारली आणि मी भंगारात गेले. त्या साहेबाला पियानो वाजवता येत नव्हता, हे मुद्दाम सांगून ठेवते. साबातिनोने मला मागून घेतलं, घरी नेऊन रंधा मारला आणि पुढच्या कडेला खाली उतरणारी पट्टी ठोकली. त्या पट्टीमुळे मी टेबलाचा काठ धरून बसते. कितीही जोर लावा, हलत नाही. हल्लीच्या प्लास्टिकच्या पाटांना हा कणाच नसतो. जरा धक्का बसला की पळत सुटतात.

साबातिनोने मला त्याच्या मुलीच्या, एर्मिनियाच्या, लग्नात दिलं. बाकीच्या पाहुण्यांनी चांदीचा मुलामा दिलेली तबकं आणली होती. ती कपाटात काळी पडली. मी दुसऱ्याच दिवशी पिठात होते.

एर्मिनिया बुटकी होती. तिचे हात आखूड, जाड आणि गरम. मळताना ती टाचा उचलून सगळं वजन माझ्यावर टाकायची आणि गाणं म्हणायची. गळा भयंकर होता. जीभ त्याहून भयंकर. पाद्र्याचं प्रवचन लांबलं की ती पहिल्या बाकावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल अशी जांभई द्यायची. समोरच्या घरातल्या बाईशी तिचं अकरा महिने भांडण असायचं, आणि त्या अकराही महिन्यांत दर रविवारी ती त्या बाईकडे झाकून ताट पाठवायची. “भांडण तिच्याशी आहे, तिच्या पोटाशी नाही,” असं म्हणायची.

तिचा नवरा गाएतानो डी बियासे. फार चांगला माणूस, असं सगळे म्हणत. कुणाच्याच अंगावर न येणाऱ्या माणसाला लोक चांगलाच म्हणतात. तो अमेदेओ फुस्कोच्या ट्रकवर होता. फुस्को तेल, चीज आणि खारवलेली मासळी विकायचा. शिवाय तो संत डोनातो मंडळाचा अध्यक्ष होता. दारातून आधी त्याचं पोट आत यायचं, मग अध्यक्षपद आणि सगळ्यात शेवटी तो स्वतः.

रविवारी माझ्यावर पास्ता व्हायचा. कणकेचे बारीक तुकडे अंगठ्याने दाबून ती छोट्या छोट्या कानांसारखे करायची, आणि बाजूच्या पातेल्यात टोमॅटोचा रस्सा रटरटत असायचा. आठवड्यात मात्र माझ्यावर दागिने असत. खोटे. शहरातल्या कारखान्यांतून ब्रोच आणि कानातल्यांच्या पेट्या घरी यायच्या. एर्मिनिया आणि तिची दोन मुलं, रोक्को आणि लोरेत्ता, चिमट्याने त्यांत काचेचे खडे बसवायची. त्या गोंदाचे डाग माझ्या पाठीवर आजही आहेत. लांबून ते हिऱ्यांसारखे चमकत असले तरी असल्या चमकण्याला मी भुलत नाही.

आता त्या वर्षीची गोष्ट. दुसरं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती आणि संत डोनातोचा उत्सव जवळ आला होता. दरवर्षी मंडळाच्या तळघरात बायका रांधायच्या आणि पुरुष मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवायचे. मिरवून आले की थकल्यासारखे बसायचे आणि बायका त्यांना वाढायच्या.

फुस्को आमच्या स्वयंपाकघरात आला. न विचारता पावाचा तुकडा मोडला आणि पातेल्यात बुडवला.

“हात धुतलेत?” एर्मिनियाने विचारलं.

“माझे हात स्वच्छच असतात.”

“दिसतंय.”

“ऐक, एर्मिनिया. यंदा तुझी ती कोमारे मंडळाच्या स्वयंपाकात नको.”

कोमारे म्हणजे ओत्ताविया. लोरेत्ताला बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच हातात धरलं होतं, तेव्हापासून दोघींचं नातं बहिणींहून जवळचं. ओत्तावियाच्या नवऱ्याने, नाझारेनोने, तिचा जबडा मोडला होता. तो वाकडाच जुळून आला. जुळून आल्यावर ती कोर्टात गेली आणि घटस्फोट घेऊन आली. आमची इटालियन वस्ती होती त्या टेकडीवर तोवर असं कुणी केलं नव्हतं.

“का नको?” एर्मिनिया मळता मळता म्हणाली.

“नवरा सोडलेली बाई ती. तिच्या हातचं संताला चालायचं नाही. मिरवणुकीतही तिने येऊ नये. लोक बोलतात.”

“जबडा मोडला तेव्हा बोलले होते का लोक?”

“ती नवरा-बायकोतली गोष्ट.”

“आणि नाझारेनो?”

“तो मूर्तीच्या पुढच्या दांड्याला. त्याच्यासारखे खांदे आहेत का कुणाचे?”

“खांदे उत्तमच आहेत. ओत्तावियाने अगदी जवळून पाहिलेत.”

फुस्को हसला. ही थट्टा आहे असं त्याला वाटलं. त्याची समज तेवढीच होती.

“संताला चालत नाही म्हणता,” ती म्हणाली. “संत काय खातो, अमेदेओ? तो प्लास्टरचा आहे. खाता तुम्ही.”

“मंडळाचा ठराव झालाय.”

“बरं,” एर्मिनिया म्हणाली.

मित्रांनो, बाईचं ‘बरं’ ऐकून घरी जाणारा माणूस मला फार केविलवाणा वाटतो. फुस्को आणखी एक तुकडा बुडवून, मिशा पुसत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका खडे बसवायला माझ्याभोवती जमल्या. एर्मिनिया त्यांना म्हणाली, “यंदा मी उत्सवात रांधणार नाही. ओत्ताविया नाही तर मी नाही.”

पाल्मिरा नावाची एक घाबरट बाई होती. तिच्या हातून चिमटा पडला. “अगं, पण आमचे नवरे काय म्हणतील?”

“भूक लागली म्हणतील.”

बायका हसल्या.  मग एकेक जण होकाराची मान हलवू लागली. पाल्मिराने सगळ्यात शेवटी हलवली, पण हलवली.

संध्याकाळी गाएतानो माझ्यावर कोपरं टेकून बसला. “एर्मि, माझी भाकरी फुस्कोकडे आहे.”

“ठाऊक आहे मला.”

“तरी?”

“म्हणून तर तुला आज सांगितलं. बाकीच्यांच्या नवऱ्यांना उत्सवाच्या दिवशी कळेल.”

तो नुसता माझ्या कडेवर नख ओढत बसला. त्याचं ते नख मला आवडायचं नाही.

उत्सवाच्या सकाळी मंडळाच्या तळघरात चुली थंड होत्या. शेजारच्या गावाहून बँडवाले आले होते आणि त्यांना जेवण कबूल केलेलं होतं. फुस्को लाल पट्टा घालूनच आमच्याकडे धावत आला. त्याने आधी आवाज चढवला, मग विनवलं, मग कपाळाचा घाम पुसला.

“निदान फळी तरी दे. आम्ही करू. त्यात एवढं काय आहे?”

“न्या की,” एर्मिनिया म्हणाली. “फक्त पाण्यात भिजत घालू नका.”

अशी मी चार पुरुषांच्या खांद्यावरून मंडळात गेले. संतापेक्षा मला जास्त हादरे बसले असतील. त्यानंतर जे झालं ते मी जवळून पाहिलं आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. एकाने पिठात उकळतं पाणी ओतलं आणि बोटं घालून किंचाळला. दुसऱ्याने मीठ म्हणून साखर घातली. फुस्को कमरेवर हात ठेवून हुकूम सोडत होता, आणि शेवटी पिठाच्या पोत्यावर बसला तेव्हा पोतं फुटलं. सॉसेज बाहेरून कोळसा झाली होती आणि आतून कच्ची. म्हाताऱ्या पाद्र्याने एक घास घेतला, खूप वेळ चावला, आणि त्याला एकाएकी कुणी आजारी माणूस आठवला. बँडमास्तरने घास घेतला आणि तुतारी पेटीत परत ठेवली.

मळायचं काम नाझारेनोकडे होतं. ते उत्तम खांदे! कणीक ऐकेना म्हणून तो तिला बुक्के मारायला लागला. त्याला दुसरं काही करताच येत नव्हतं. ती माझ्या अंगाला चिकटून बसली तेव्हा त्याने शिकारीचा सुरा काढला आणि खरवडता खरवडता माझ्या अंगात खोल घाव घातला.

तेवढ्यात दारात एर्मिनिया उभी राहिली. मागे ओत्ताविया आणि गल्लीतल्या सगळ्या बायका.

“आलीस!” फुस्को म्हणाला. त्याच्या भुवयांवर पीठ होतं. “झालं गेलं सोड. बांध ॲप्रन.”

“मी फळी न्यायला आलेय.”

ती माझ्याजवळ आली. घावावरून तिने बोट फिरवलं. “हे कुणी केलं?”

 नाझारेनो छताकडे बघू लागला.

“राहू दे,” ती म्हणाली. “हात ओळखीचा आहे.”

वर बँडवाल्यांची पोटं वाजत होती. फुस्कोने आवाज खाली आणला. “काय हवंय तुला, बाई?”

“ओत्ताविया आमच्याबरोबर रांधेल. मूर्तीमागे चालेल. आणि हा पुढच्या दांड्याला नसेल.”

“मग उचलणार कोण?”

“गाएतानो.”

गाएतानो कोपऱ्यात लसूण सोलत होता. त्या सकाळी एवढं एकच काम धड झालं होतं. “मी?” तो म्हणाला.

बँडमास्तर जिन्यावरून ओरडला, “कुणीही उचला हो, पण जेवण कधी?”

फुस्कोने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कुणीही त्याच्या मदतीला येईना. सगळ्यांना भूक लागली होती, आणि भुकेल्या पुरुषाचा ठराव फार टिकत नाही. “ठीक आहे,” तो म्हणाला. नाझारेनो ॲप्रन फेकून निघून गेला. ओत्तावियाने तो ॲप्रन उचलून बांधला, पातेल्यात डोकावली आणि वाकड्या जबड्याने म्हणाली, “हे आधी फेकून द्या.”

मिरवणूक मी पाहिली नाही. आम्हाला मिरवत नाहीत. पण ऐकलं की मूर्तीखाली गाएतानोचे पाय लटपटत होते, आणि तरी त्याने चर्चपर्यंत खांदा बदलला नाही. नाझारेनो पुढे भावाकडे राहायला दुसऱ्या गावी गेला. त्याच्याविषयी मी याहून जास्त शब्द खर्च करणार नाही.

आणि सोमवारी फुस्कोने गाएतानोला कामावरून काढलं. “ट्रकला आता माणूस नको,” असं म्हणाला. जणू ट्रकनेच तसं कळवलं होतं.

तो हिवाळा मला विसरता येत नाही. रोज घेवड्याचं सार. माझ्यावर सकाळपासून दिवे लागेपर्यंत ब्रोचच्या पेट्या. रोक्को आणि लोरेत्ता शाळेतून आली की दप्तर टाकून चिमटे उचलायची. गाएतानोसुद्धा चष्मा लावून बायकांच्या कानातल्यांत खडे बसवायचा आणि दारावर कुणी आलं की हात टेबलाखाली लपवायचा. एर्मिनियाच्या बोटांना गोंदाने भेगा पडल्या. ती कुरकुर करायची नाही, असं मी म्हणणार नाही. ती रोज करायची. गोंदाच्या वासाविषयी, थंडीविषयी, घेवड्याविषयी, देवाविषयी. ओत्ताविया एकदा रडायला लागली, “माझ्यामुळे झालं हे सगळं.” तेव्हा एर्मिनियाने तिच्यासमोर पेटी सरकवली. “रडू नकोस, खडे ओले होतात.” पण ‘मी तसं करायला नको होतं’ हे वाक्य तिच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही.

वसंतात गाएतानोला रस्तेदुरुस्तीच्या कामावर घेतलं. माझ्यावर पुन्हा रविवारी कणीक आली.

मग मुलं मोठी झाली, लग्नं करून शहराबाहेर हिरवळीच्या घरांत गेली. सुरुवातीला दर रविवारी यायची. खायची, डबे भरून घ्यायची, जायची. पुढे नाताळ आणि ईस्टरला यायची. गाएतानो वारला. एर्मिनियाच्या बोटांच्या पेरांना गाठी आल्या आणि मला उचलून टेबलावर ठेवणं तिला जमेना. मी वजनदार आहे, हे मी मान्य करते.

“रोक्को, जाता जाता फळी तेवढी टेबलावर ठेव रे.”

“मा, कशाला त्रास घेतेस? खोक्यातला पास्ता मिळतो आता.”

ज्यांना फळी उचलायची नसते ते असंच प्रेमाने बोलतात. मला फ्रीज आणि भिंत यांच्या फटीत उभं केलं. तिथे मी कित्येक वर्षं उभी होते. बुधवारी ओत्ताविया यायची. एकदा दोघींनी मिळून मला ओढायचा प्रयत्न केला. एक बावळट फळी आणि दोन म्हाताऱ्या. मी एका बाजूने निघाले आणि अडकले. दोघी दमून खुर्च्यांवर बसल्या आणि हसत सुटल्या. मग हसणं थांबलं, आणि मी तशीच तिरपी अडकून राहिले.

एर्मिनिया गेली. दफनाच्या दिवशी मला बाहेर काढलं. पुसलंसुद्धा नाही. वर चादर टाकली आणि दुकानातून आणलेल्या थंड मांसाच्या थाळ्या मांडल्या. सगळं घर भरलं होतं. रोक्को डोळे पुसत म्हणाला, “मा जेवायला कधी बसलीच नाही हो. कायम उभी. आम्ही म्हणायचो, मा, बस ना.” हे तोंडात घास घेऊन म्हणायचो, हे सांगायचं तो विसरला. मग फुस्कोचा मुलगा राल्फ उठला. बापाचं पोट त्याला वारशात मिळालं होतं. ग्लास उंचावून तो म्हणाला, “एर्मिनियाकाकू म्हणजे साक्षात संत. आयुष्यात कुणाला ‘नाही’ म्हणाली नाही.”

ओत्तावियाला ऐकू कमी यायचं. तिने शेजारी बसलेल्या डोरीनला कोपर मारलं. डोरीन लोरेत्ताची मुलगी. केशकर्तनालय चालवते, मोठ्याने हसते, आजीला नोन्ना म्हणते. “काय म्हणतोय ग जाड्या?”

“म्हणतो, नोन्ना कुणाला कधी ‘नाही’ म्हणाली नाही.”

ओत्ताविया एवढी हसली की ऑलिव्ह घशात अडकलं. पाठीवर थापा मारून ते बाहेर काढलं, तेव्हा तिने डोरीनला सगळं सांगितलं. ऐकू कमी येणारी माणसं हळू बोलत नाहीत. सगळ्या खोलीने ऐकलं.

डोरीन उठली. “राल्फ, तुझ्या वडिलांनी माझ्या आजोबांना का काढलं कामावरून?”

“जुन्या गोष्टी ग त्या. बाबा तर काकूंचं फार कौतुक करायचे.”

“डोरीन!” लोरेत्ता कुजबुजली. “आजच्या दिवशी कशाला काढतेस?”

“मग कधी काढू? नोन्ना होती तेव्हा तूच मला का नाही सांगितलंस?”

“लहान होते मी.”

लोरेत्ता त्या हिवाळ्यात रोज माझ्यासमोर बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं. हिरवळीच्या घरात गेल्यावर तिला घेवड्याच्या साराची लाज वाटत होती, एवढंच. तिने मान खाली घातली. राल्फने ग्लास खाली ठेवला आणि थोड्या वेळाने, बापासारखाच, मिशा पुसत निघून गेला.

घर रिकामं करताना लोरेत्ताने मला हात लावला. म्हणाली, “हिला वार्निश करून दिवाणखान्यात टांगू. वर सोनेरी अक्षरांत ‘माचं स्वयंपाकघर’ लिहू.” मित्रांनो, भंगारात गेले तेव्हासुद्धा माझा एवढा अपमान झाला नव्हता. डोरीनने मला तिच्या हातातून काढून घेतलं आणि दोन मजले एकटीने वाहून आपल्या घरी नेलं. वाटेत तिने मला तीनदा भिंतीवर आपटलं आणि चार शिव्या दिल्या. शिव्या आजीच्याच होत्या.

पुढच्या रविवारी ओत्ताविया खुर्चीत बसली आणि डोरीन मळायला लागली. कणीक आधी चिखल झाली, मग दगड.

“मळतेस की कुणाचे केस धुतेस?” ओत्ताविया म्हणाली. “वजन टाक. टाचा उचल.”

“झिया, हे खायला कुणी येणार नाही,” डोरीन म्हणाली. झिया म्हणजे मावशी.

“मी आलेय ना. आणि माझे दात खोटे आहेत, मला काही होत नाही.”

झाले ते पास्त्याचे कान नव्हते, कानाखाली मारल्यावर उरतं तसलं काहीतरी होतं. दोघींनी ते संपवलं. माझ्या अंगात पाणी मुरलं, कोरडी पडलेली शीर फुगली. डोरीनने मला खरवडलं, ओल्या फडक्याने पुसलं, सावलीत वाळवलं. पाण्यात भिजत घातलं नाही. तिच्याविषयी अजून मी चांगलं मत बनवलेलं नाही. पण बघते आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे मला एकच मागायचं आहे. तुमच्या घरातही अशी एखादी बाई असेल. तिच्याविषयी सुंदर बोलायचं ठेवू नका, ती गेल्यावर ते कुणाच्या कामाचं नसतं. तिला फ्रेममध्ये बसवू नका, संत तर मुळीच करू नका. आज उठा, आणि तिची फळी तेवढी टेबलावर ठेवून द्या. ती जड असते.